वाचा आणि वाणी

आज दोनच शब्द घेऊ. एक वाचा, दुसरा वाणी. कोशात पाहाल तर दोन्हींचा अर्थ बोलणे असाच मिळेल. पण आपली आजी कोशापेक्षा जाणती. माणूस भ्याला की ती म्हणते, "वाचाच बसली हो त्याची." वाणी बसली असं म्हणत नाही. लेकरू उशिरा बोललं तर त्याला वाचा फुटली. देवाला आपण वाहतो ते काया, वाचा, मन. उलट आकाशातून ऐकू आली ती आकाशवाणी, संतांची ती संतवाणी. म्हणजे वाचा ही बोलण्याची शक्ती, देहाला चिकटलेली. आणि त्या शक्तीतून निघून दुसऱ्याच्या कानी गेली ती वाणी. (किराणा दुकानातला वाणी निराळा बरं का! तो 'वणिज्'वरून आला. तुकोबारायांच्या घरी मात्र दोन्ही नांदले.)

पैठणचा प्रसंग घ्या. ज्ञानोबारायांनी रेड्याच्या मस्तकी हात ठेवला. रेड्याला फुटली ती वाचा, मुखातून निघाली ती वेदवाणी. वाचा रेड्याची, वाणी त्याची नव्हे! तुकोबाराय 1650 साली वैकुंठाला गेले. वाचा सोबत गेली. वाणी तुमच्या-माझ्या गाथ्यात राहिली.

आता खरी अडचण ऐका. एका गावी कीर्तन झाल्यावर एक ताई थांबल्या. सासऱ्यांना अर्धांगवायू झालेला, वाचा गेलेली. 40 वर्षांची वारी त्यांची. "महाराज, आता मामंजींचं नाम बुडालं का हो?"

माउली, शास्त्र चार वाचा सांगतं. नाभीत परा, हृदयात पश्यंती, कंठात मध्यमा, मुखात वैखरी. (इथं कुणी चार वाणीही म्हणतात, तेवढं चालू द्या.) अर्धांगानं नेली ती वैखरी, चारांतली शेवटची. मी ताईंना म्हटलं, "आत काय चाललंय ते मला दिसत नाही, तुम्हालाही नाही. पण दाराला बाहेरून कडी लागली म्हणून घरातला दिवा विझला असं का धरता? सांजेला जवळ बसून हरिपाठ म्हणा. वाचा तुमची लावा, कान त्यांचे शाबूत आहेत."

ताई म्हणाल्या, "रेडिओवर भजन लागलं की पांघरुणावर बोट हलवतात ते."

"कसं?" मी विचारलं.

त्यांनी पदरावर बोट आपटून दाखवलं. धुमाळीचा ठेका होता, माउली.