बळ किती, आणि कुठवर?

(वरवंड येथे झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



वरवंड हे पालखीच्या मुक्कामाचे गाव. तुकोबारायांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून येथे विसावते, तेव्हा बंदोबस्तावरचा पोलीस एखाद्या थकलेल्या वारकऱ्याला हात देताना आपण पाहतो. तोच पोलीस उद्या एखाद्या आरोपीच्या दारात उभा राहिला आणि आतला माणूस कोयता घेऊन बाहेर आला, तर त्याने काय करावे? आजचा विषय एवढाच आहे.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेत ते होते, १९७३ च्या संहितेत कलम ४६ म्हणून आले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. अटकेला बळाने विरोध करणाऱ्या किंवा अटक चुकवू पाहणाऱ्या माणसाला ताब्यात घेण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय पोलिसाला योजता येतात. मात्र ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा आजन्म कारावासाच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार हे कलम देत नाही. सारा भर ‘आवश्यक’ या शब्दावर आहे. प्रतिकार संपला की आवश्यकताही संपते.

टेबलाशी बसून हे सांगणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे. तीस वर्षे पत्रकारितेत काढताना मी पोलीस ठाण्यांचे पुष्कळ उंबरे झिजवले. आरोपी निसटला तर निलंबन आणि दगावला तर चौकशी, अशा कात्रीत शिपाई काम करतो. निर्णयाला त्याला मिळतो तो एक क्षण. आपण मात्र त्यावर वर्षानुवर्षे चर्चा करतो.

पण त्या एका क्षणात काय करता येते, हेही आपल्याच एका माणसाने दाखवून दिले आहे. जावळी तालुक्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे. लष्करातील सेवेनंतर मुंबई पोलीस दलात आलेले सहायक फौजदार. २६ नोव्हेंबर २००८ च्या काळरात्री गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत अतिरेक्यांची मोटार अडवली गेली. एक अतिरेकी पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. दुसरा, कसाब, गोळ्या झाडत असताना ओंबळ्यांनी त्याच्या बंदुकीची नळी हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. सहकाऱ्यांनी कसाबवर काठ्यांचा वर्षाव केला. तो निपचित पडला आणि मग ते हात थांबले. बंधूंनो, ते थांबणे मला धरण्याइतकेच मोठे वाटते. सहकारी डोळ्यांदेखत पडलेला, रक्त तापलेले. कोणी आणखी एक गोळी झाडली असती, तरी त्या रात्री देशात कुणी जाब विचारला नसता. पण तो जिवंत राहिला, म्हणून कराचीहून निघालेल्या कटाची साखळी न्यायालयात सिद्ध झाली. खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. ओंबळ्यांना २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

आता दुसरे चित्र. मुंबईतील चकमकींच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या: गुन्हा नोंदवा, तपास स्वतंत्र यंत्रणेकडे द्या, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करा, आणि चकमकीनंतर लगेच बक्षीस वा बढती देऊ नका. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूरच्या शाळेतील बालिकांवरील अत्याचाराचा आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी चालवावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने गाडीतील पाच पोलिसांवर ठपका ठेवला. त्या संध्याकाळी लोकांनी पेढे वाटले. आपल्यापैकीही काहींनी ते खाल्ले असतील. तो संताप मला कळतो, मीही लेकीचा बाप आहे.

परंतु गाडीत पोलीस किती होते आणि आरोपी किती, एवढा साधा प्रश्न पेढा खाताना आपल्याला पडला नाही. आणि त्या चिमुरड्या मोठ्या होऊन विचारतील की न्यायालयाने त्या माणसाला दोषी ठरवले का, तेव्हा त्यांना दाखवायला निकालपत्र नसेल.