योगायोगाला किती सूट द्यायची?



टेक्सासमधली हिडाल्गो काउंटी मेक्सिकोच्या सीमेला लागून आहे. १९७० च्या जनगणनेत तिथले ७९.१ टक्के रहिवासी मेक्सिकन वंशाचे होते. गंभीर गुन्ह्याचा खटला उभा राहणार की नाही, हे तिथे ग्रँड ज्युरी ठरवते. या ज्युरीसाठी नावे काढायचे काम तेव्हा न्यायाधीशांनी नेमलेल्या मोजक्या आयुक्तांकडे असे. ११ वर्षांत ८७० जणांना बोलावणे गेले, त्यांत स्पॅनिश आडनावांचे निघाले ३३९. रोड्रिगो पार्टिडा नावाच्या आरोपीने याला हरकत घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि १९७७ साली निकाल लागला.

न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी त्यातले गणित एका तळटीपेत मांडले आहे. मला तर मुख्य निकालपत्रापेक्षा ती तळटीपच जास्त वाचनीय वाटते. आधी धरून चालायचे, की निवडताना वंश कोणी पाहिलाच नाही. चिठ्ठ्या टाकून नावे उचलावीत तशी ती आली. ही शून्य परिकल्पना. ती खरी, तर ८७० पैकी सुमारे ६८८ जण मेक्सिकन वंशाचे हवेत. आता, नेमके ६८८च हवेत असा हट्ट कोणी धरणार नाही. सोडत म्हटली की थोडे मागेपुढे व्हायचेच. पण थोडे म्हणजे किती? ८७० ला ०.७९१ ने गुणा, पुन्हा ०.२०९ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते १२. हे प्रमाण विचलन. योगायोगाला अशा दोन-तीन विचलनांची, म्हणजे २४ ते ३६ माणसांची सूट द्यावी. इथे तूट होती ३४९ माणसांची! तब्बल २९ विचलने. शून्य परिकल्पना टिकणे शक्यच नव्हते.

मग पक्षपात सिद्ध झाला का? नाही. ही निव्वळ सोडत नव्हती, एवढेच गणित सांगते. जनगणनेत मुले येतात, नागरिक नसलेलेही येतात. ज्युरीत ते बसू शकत नाहीत. शिवाय पाचांपैकी तीन आयुक्त स्वतःच मेक्सिकन वंशाचे होते, आणि राज्याच्या बाजूने हा मुद्दा बिनतोड वाटत होता. न्यायालयाने तो मानला नाही. एवढ्या तुटीचा खुलासा राज्यानेच करायचा, असे ते म्हणाले. आणि राज्याने तर आयुक्तांना साक्षीलासुद्धा बोलावले नव्हते. पाच विरुद्ध चार मतांनी पार्टिडा जिंकला.