तोंड न बघता दिलेलं औषध

(रिसोड येथे गावोगावच्या महिला मंडळांतल्या व बचत गटांतल्या बायकांपुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मघाशी मी विचारलं, गेल्या वर्षभरात कुणाकुणाचं तोंड आलं होतं? एकही हात वर झाला नाही. मग मागून एक मावशी म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं व बाई, ते तं येतच राह्यते." त्यानंतर जवळजवळ सगळ्यांचेच हात वर गेले. मळमळीचं विचारलं तेव्हा तर हशाच पिकला. बाईला मळमळतं म्हणजे तिला दिवस गेले, एवढाच अर्थ आपल्याला ठाऊक. मग पन्नाशीच्या बाईनं ते सांगावं तरी कुणाला?

ही दोन दुखणी मी मुद्दाम निवडली आहेत. यांत रजा मिळत नाही, कुणी भेटायला येत नाही. बाई फार तर दुकानात जाते, "तोंड आलंय, काही द्या" म्हणते आणि काउंटरवरून दोन पाकिटं घेऊन घरी येते. तोंड उघडून बघा असं ती म्हणत नाही, समोरचाही बघत नाही.

मी नर्स होते. वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, त्याच्या आधीपासून या भागातल्या खेड्यांतून हिंडते आहे. तरी आज सांगणार आहे ती गोष्ट माझ्याच घरातली आहे. माझी सख्खी नणंद. शेतात निंदायला जाताना खर्रा खायची. भूक मरते, हात चालत राहतो, बाकीच्याही खातात. तिच्या गालाच्या आत फोड आला. दुखत नव्हता म्हणून ती काही बोलली नाही. पुढे तिखट लागायला लागलं, तेव्हा एका दवाखान्यात गेली. तिथं बी कॉम्प्लेक्सची सुई दिली आणि तोंडात लावायचं मलम लिहून दिलं. कंदील नाही, बॅटरी नाही, आत कुणी बघितलं नाही. मलम संपलं तेव्हा दुसरी ट्यूब तिला कुणी दिली? मी दिली. मी, नर्स! पाच महिन्यांनी नागपूरला नेलं तेव्हा तो कॅन्सर निघाला. ती जगली, पण जबड्याचा एक भाग गेला. आजही भाकरी दुधात कुस्करून खाते. मला ती कधी काही बोलली नाही. म्हणून मीच बोलते.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की साधं तोंड येणं म्हणजे काय ते ओळखा. लहान, गोल, पांढरट-पिवळा फोड, भोवती लाल कडा, आणि आग आग. हा आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. औषध दिलं नाही तरी होतो. म्हणूनच प्रत्येक औषधाला "गुण आला" असं आपण म्हणतो. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरा. फार आग होत असेल तर बधिर करणारं जेल जेवणाआधी लावता येतं. ट्रायमसिनोलोन नावाचं मलम मिळतं, ते स्टेरॉइड आहे. अशा फोडावर डॉक्टरच्या सल्ल्यानं चार-पाच दिवस लावलं तर उपयोग होतो. पण तोंडात बुरशी असेल तर त्याच मलमानं ती वाढते.

बुरशी म्हणजे दह्यासारखे पांढरे ठिपके. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दुधाची साय असते ती ओल्या फडक्यानं सहज निघते, बुरशी सहज निघत नाही, आणि खरवडली तर खाली लाल होतं. तिच्यावर क्लोट्रिमाझोलचे थेंब लागतात. बाळ अंगावर पीत असेल तर आईच्या स्तनाग्रांवरही उपचार करावा लागतो, नाहीतर हे बाळाकडून आईला आणि आईकडून बाळाला फिरत राहतं. पूर्वी आम्ही सरसकट जांभळं औषध लावायचो. आता ते मागे पडलं, कॅनडाच्या सरकारनं तर २०१९ साली त्याबद्दल कॅन्सरच्या धोक्याचा इशारा दिला. आणि मोठ्या माणसाच्या तोंडात बुरशी वारंवार येत असेल तर साखर तपासा, दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरता का ते विचारा, एच.आय.व्ही.ची तपासणी करा. त्या तपासणीचं नाव काढलं की घरात आधी बाईकडेच बोट जातं. म्हणून तिच्याबरोबर गटातल्या कुणीतरी जायचं.

दात येताना बाळ रडतं म्हणून हिरड्यांना बधिर करणारं जेल चोळू नका. लिग्नोकेन बाळाच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होतो. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१४ साली याबद्दल स्पष्ट बजावलं आहे. स्वच्छ बोटानं हिरडी चोळली तरी पुरतं.

ओठांचे कोपरे चिरतात, जीभ लाल, गुळगुळीत होते, तिखट सोसत नाही. इथं बी जीवनसत्त्वाची गोळी खरंच कामाची आहे. पण सुईच कशाला? बहुतेक वेळा गोळीनं काम होतं. आणि गोळी संपल्यावर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच होत असेल, तर प्रश्न ताटाचा आहे. शेवटी जेवणारी कोण? भाजी संपली की चटणीवर भागवणारी कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. सोयाबीन आणि तूर पिकवणाऱ्या तालुक्यातल्या बाईच्या जिभेला साल राहू नये, याला मी आजार म्हणत नाही, अन्याय म्हणते.

आता मळमळ. रक्तवाढीची लाल गोळी घेतली की मळमळतं, म्हणून किती जणींनी ती कोनाड्यात ठेवून दिली? खरं सांगा. गरोदरपणी १८० दिवसांच्या गोळ्या मिळतात, त्यातल्या पोटात जातात किती हे कुणी विचारत नाही. आशाताईंनी वाटल्या, रजिस्टरमध्ये खूण झाली, संपलं. उपाय तसा सोपा आहे. रिकाम्या पोटी घेऊ नका, रात्री जेवणानंतर घ्या आणि झोपून जा. चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मागून घ्या.

कंबर दुखते म्हणून उपाशीपोटी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेता, मग मळमळ सुरू होते, मग मळमळीची गोळी घेता. एका गोळीसाठी दुसरी गोळी. अशी बाई प्रत्येक गावात आहे.

गरोदर बाईच्या उलट्यांच्या औषधांचा इतिहास मात्र आपण पाठ केला पाहिजे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. अगदी निर्धोक म्हणून जाहिरात केली, सकाळच्या मळमळीसाठी बायकांना दिलं. गर्भावर काय परिणाम होतो याची धड तपासणी झालेलीच नव्हती. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतलं, तोवर सुमारे दहा हजार मुलं हातपाय खुंटलेली किंवा इतर व्यंगं घेऊन जन्मली होती. अमेरिकेत ते विकायला परवानगी मिळाली नाही, कारण तिथल्या औषध खात्यात फ्रान्सिस केल्सी नावाची एक बाई होती. "पुरावा पुरेसा नाही" एवढंच ती म्हणत राहिली, कंपनीनं कितीही तगादा लावला तरी.

आपल्याकडेही दिवस गेलेत की नाही हे बघायला हार्मोन्सच्या जबर मात्रेच्या गोळ्या आणि सुया सर्रास दिल्या जात. स्त्री-संघटना आणि आरोग्य चळवळीतली मंडळी कित्येक वर्षं त्याविरुद्ध लढली, तेव्हा कुठं १९८८ साली बंदी आली.

पण याची दुसरी बाजूही ऐका. डॉक्सिलॅमिन आणि बी-६ ही जोडगोळी अमेरिकेत १९८३ साली कोर्टकज्ज्यांना कंटाळून कंपनीनं बंद केली. ती बाळाला अपाय करते असं संशोधनात काही निघालं नाही, आणि २०१३ साली तिला पुन्हा परवानगी मिळाली. म्हणजे गरोदर बाईनं औषध घ्यायचंच नाही, सोसायचं, हेही बरोबर नाही. आधी थोडं थोडं खाणं, उठण्याआधी कोरडी भाकर किंवा मुरमुरे. नाही भागलं तर ही जोडगोळी डॉक्टरला विचारून घ्या. ऑनडॅनसेट्रॉन आजकाल पटकन लिहून दिलं जातं. पहिल्या तीन महिन्यांत त्यानं बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगण्याचा थोडा धोका वाढू शकतो, असं युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१९ साली नोंदवलं. म्हणून आधी दुसरं काही चालेल का, हे विचारायचा आपला हक्क आहे.

मेटोक्लोप्रमाइडबद्दल एक सांगते. एका वस्तीवर रात्री मला बोलावलं. सतरा-अठरा वर्षांची मुलगी, मान एका बाजूला वळलेली, डोळे वर गेलेले, जीभ बाहेर येते आहे. घरात लिंबू-अंगारा सुरू. "बाहेरचं लागलं" म्हणत होते. मी विचारलं, आज काही औषध घेतलं होतं का? दुपारी उलटीची सुई घेतली होती. त्या औषधाचा हा परिणाम तरुण मुलींत आणि लहान मुलांत जास्त दिसतो. दवाखान्यात प्रोमेथाझिनची सुई दिली आणि अर्ध्या तासात ती मुलगी पाणी मागायला लागली. युरोपात २०१३ पासून हे औषध पाच दिवसांपेक्षा जास्त देऊ नका असा नियम आहे. आपल्या गावांत त्या मुलीला मारहाणही होऊ शकली असती. सुई दिली तेव्हा कुणी हे सांगितलं होतं का? नाही.

आणि सलाईन! उलटी झाली की "बाटली लावा" असं आपणच म्हणतो. अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे पाच लहान चमचे. साध्या सलाईनच्या बाटलीत मीठ साडेचार ग्रॅम. तोंडानं पाणी राहत असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि घोट घोट प्या. दिवसभर घोटभरही पाणी टिकत नाही, लघवी आठ-आठ तास होत नाही, उभं राहिलं की अंधारी येते, तेव्हा मात्र सलाईन हवंच, एक मिनिट थांबू नका. आणि गरोदर बाई बरेच दिवस ओकते आहे तर ग्लुकोज चढवण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यायला हवं, हेही डॉक्टरला आठवण करून द्या. राग आला तर येऊ द्या.

फवारणीच्या दिवसांतली मळमळ वेगळी. फवारणारा पुरुष असतो, पण पाणी आणणारी, औषध कालवणारी, त्याचे कपडे धुणारी आपणच. २०१७ साली शेजारच्या यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. मळमळ, लाळ गळणं, घाम, बुबुळं बारीक होणं असं दिसलं तर उलटीची गोळी देत बसू नका. कपडे बदला, अंग धुवा, आणि औषधाचा रिकामा डबा बरोबर घेऊन सरळ सरकारी दवाखाना गाठा. त्या डब्यावरचं नाव वाचून डॉक्टरला उपचार ठरवता येतो.

दुकानातून आणलं तरी बिल घ्या, पाकीट फेकू नका, औषधाचं नाव वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

बोलणं पुरे. पेटीत बॅटऱ्या आहेत, त्या वाटते. दोघी दोघी समोरासमोर बसा. खर्रा, मिसरी, तंबाखू कोण खातं हे आज मी विचारणार नाही, कुणी लाजू नका. आधी आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. मग जीभ उचला, गाल बाहेर ओढा, खालची बाजू बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेला फोड, तीन बोटांना न उघडणारं तोंड, यातलं काहीही दिसलं तर मला इथंच सांगा. मलम द्यायचं नाही, तपासायला न्यायचं. मावशी, तुम्ही पुढं या, पहिलं तोंड तुमचंच बघते. आणि माझं तुम्ही बघा.