हाडें : तीं जपावीं कशीं आणि जोडतात कशीं



अस्सल माणसाला मराठींत आपण 'हाडाचा शेतकरी' किंवा 'हाडाचा शिक्षक' असें म्हणतों. माणसांत जें टिकाऊ आणि कधीं न बदलणारें, तें हाड, अशी समजूत या शब्दांमागें दिसते. भाषेपुरती ती ठीक आहे. शरीरापुरती मात्र ती चुकीची आहे. आपलें हाड रोज थोडें मोडलें जात असतें आणि रोज थोडें नव्यानें बांधलें जात असतें. हाड ही जिवंत वस्तु आहे, एवढी एकच गोष्ट आज मला आपणांपुढें मांडावयाची आहे. ती पटली म्हणजे मोडलेलें हाड जोडतें कसें हें कळतें; आणि म्हातारपणीं हाड मोडावयाचेंच, त्याला इलाज नाहीं, ही घरोघर ऐकूं येणारी समजूत किती घातक आहे हेंहि कळतें.

प्रथम हाडाची घडण पाहूं. प्रौढ माणसाच्या शरीरांत साधारणपणें २०६ हाडें असतात. हाडाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग कॅल्शियम आणि स्फुरद यांच्या क्षारांचा असतो. उरलेल्यांत थोडें पाणी आणि मुख्यत: कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचे तंतु असतात. एखादें लांब हाड सौम्य अम्लांत कांहीं दिवस बुडवून ठेवलें, तर क्षार विरघळून जातात आणि तें हाड दोरीसारखें वांकवितां येतें. तेंच हाड विस्तवांत जाळलें, तर तंतु जळून जातात. आकार तसाच राहतो, पण बोटानें दाबतांच त्याचा चुरा होतो. इमारतीच्या खांबांत सिमेंट आणि लोखंडी सळया मिळून जें काम करतात, तेंच येथें क्षार आणि तंतु मिळून करतात. लहान मुलांच्या हाडांत लवचिकपणा अधिक असतो. म्हणून मुलाचें हाड पुष्कळदां ओल्या फांदीसारखें एका बाजूनें चिरतें आणि दुसऱ्या बाजूनें नुसतें वांकतें.

पण खांब आणि हाड यांत एक मोठा भेद आहे. खांब एकदां उभा केला कीं गवंडी निघून जातो. हाडांतील गवंडी जन्मभर कामावर असतात. हाडांत दोन प्रकारच्या पेशींचें काम अखंड चालूं असतें. एक प्रकार जुनें हाड पोखरून काढतो, दुसरा त्या जागीं नवें हाड भरतो. प्रौढपणीं दरसाल सांगाड्याचा सुमारें दहावा भाग अशा रीतीनें बदलला जातो. हें बांधकाम आंधळेपणानें चालत नाहीं. जेथें भार पडतो तेथें हाड घट्ट होतें. जेथें भार पडत नाहीं तेथून तें काढून घेतलें जातें. हा नियम यूलियस वोल्फ या जर्मन शस्त्रवैद्यानें १८९२ मध्यें ग्रंथरूपानें मांडला. त्याचा ढळढळीत पुरावा पुढें अंतराळवीरांच्या शरीरांत मिळाला. वजनरहित अवस्थेंत राहणाऱ्या या धडधाकट माणसांच्या खुब्यांतील हाडांमधून दरमहा एक टक्क्याच्या आसपास खनिज कमी होतें. महिनोगणती अंथरुणाला खिळलेल्या रोग्याचें अथवा दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचें हाड याच वाटेनें जातें. फरक काय तो वेगाचा.

या घडामोडींत एक हिशेब दडलेला आहे. साधारणपणें तिशीपर्यंत जमेची बाजू वरचढ असते. त्यानंतर कांहीं वर्षें जमा आणि खर्च बरोबरीनें चालतात आणि पुढें खर्च वाढूं लागतो. स्त्रियांची मासिक पाळी थांबल्यावर हाडांचें रक्षण करणारा अंत:स्राव एकदम कमी होतो. पुढील पांच-सात वर्षांत कांहीं स्त्रियांच्या हाडांचा वीस टक्क्यांपर्यंत भाग झिजून जातो. पुरुषांची झीज सावकाश होते, पण होते खरी. हाड असें विरळ आणि ठिसूळ होण्याला अस्थिविरलता म्हणतात. तिचें दुखणें नसतें, तिचा ताप येत नाहीं. हाड मोडेपर्यंत बहुधा ती घरांत कोणाला ठाऊकहि नसते.

आतां मोडलेलें हाड जोडतें कसें तें पाहूं. हाड मोडतांच त्यांतील आणि भोंवतालच्या रक्तवाहिन्या फुटतात व मोडलेल्या जागीं रक्त सांखळतें. ही गांठ निरुपयोगी नसते. पुढील सर्व कामाची ती पहिली हांक असते. कांहीं दिवस सूज व ठणका राहतो आणि तेवढ्या अवधींत मेलेल्या पेशींचा कचरा उचलला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही टोंकांमध्यें कूर्चेचा आणि तंतूंचा मऊ पूल तयार होतो. त्यांत हळूहळू क्षार भरूं लागतात आणि साधारणपणें सहा ते बारा आठवड्यांत त्या पुलाचें खरें हाड बनतें. तें प्रथम ओबडधोबड, फुगीर असतें. मग पोखरणाऱ्या आणि भरणाऱ्या पेशी महिनेच्या महिने, कधीं वर्षेंच्या वर्षें, तें तासून सारखें करतात. कातडीवरील जखम भरली तरी वण उरतो. हाड मात्र नीट सांधलें गेलें तर पूर्वीच्याच हाडानें भरून निघतें. क्ष-किरणांच्या चित्रांतहि पुढें मोड शोधून काढणें कठीण जावें, असें मुलांच्या बाबतींत पुष्कळदां घडतें.

यास लागणारा काळ वयावर आणि जागेवर अवलंबून असतो. प्रौढाच्या हाताच्या हाडाला सुमारें सहा आठवडे लागले, तर पायाच्या मोठ्या हाडाला बारा किंवा अधिक लागतात. मुलांचें हाड याहून पुष्कळच लवकर जोडतें. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत याविषयीं जें सांगितलें आहे तें आजहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लहान वयांत सांधा एका महिन्यांत स्थिर होतो, मध्यम वयांत दुप्पट काळ लागतो आणि उतारवयांत तिप्पट, असा तेथें क्रम दिला आहे. झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधून अवयव स्थिर करावा, बंध सैल असला तर सांधा स्थिर राहत नाहीं आणि फार घट्ट असला तर सूज व वेदना होतात, असेंहि तो ग्रंथ बजावतो.

स्थिरता ही या शास्त्राची किल्ली आहे. १८५२ मध्यें आंतोनियस मातैसेन या डच लष्करी शस्त्रवैद्यानें कापडी पट्टींत प्लास्टर भरून ती ओली करून बांधण्याची रीत प्रसिद्ध केली. १८९५ मध्यें राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि हाड जागेवर बसलें कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलें. १९३९ मध्यें जर्मनींत गेरहार्ड क्युंटशर यांनीं मांडीच्या हाडाच्या पोकळींतून पोलादी सळई घालून तें आंतून स्थिर केलें. ज्या रोग्याला पूर्वी महिनोगणती वजनें लावून निजून राहावें लागे, तो त्यामुळें थोड्या दिवसांत उठूं लागला. एक गोष्ट मात्र विसरूं नये. प्लास्टर काय किंवा सळई काय, हाड जोडीत नाहीं. जोडणारें तें हाडच. वैद्य फक्त त्याला योग्य जागीं आणि स्वस्थ ठेवतो.

म्हणून घरांत कोणाचें हाड मोडल्याचा संशय आला तर काय करावें हें सर्वांना ठाऊक असावें. दुखावलेला भाग चोळूं नये, ओढूं नये, 'हलवून पाहूं' म्हणून हलवूं नये. हाताला फळी, कामट्या किंवा घट्ट गुंडाळलेलें वर्तमानपत्र लावून वरचा व खालचा असे दोन्ही सांधे स्थिर होतील अशा बेतानें सैलसर बांधावें आणि रुमालाच्या झोळींत हात गळ्याशीं अडकवावा. सूज चढण्यापूर्वीं बांगड्या व अंगठ्या काढाव्या. जखमेंतून हाड दिसत असेल तर स्वच्छ कापडानें झांकून तांतडीनें रुग्णालय गांठावें.

हाडवैद्याकडे जाण्याची चाल शहरांतहि आहे. कित्येकांच्या हातांत कौशल्य असतें, हें मी नाकारीत नाहीं. पण क्ष-किरणांचें चित्र न घेतां केलेली ओढाताण, चोळणें आणि करकचून बांधलेल्या पट्ट्या यांनीं अवयव कायमचे निकामी होतात. मुलांच्या कोपराजवळच्या मोडींत हा धोका फार. बंध घट्ट झाला किंवा आंतील सूज कोंडली, तर स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि कांहीं तासांतच त्यांची कायमची हानि होऊं लागते. मग हाड जोडलें तरी बोटें आंखडलेलीं राहतात. रिचर्ड फोन फोल्कमान यांनीं या विकृतीचें वर्णन १८८१ मध्येंच केलें आहे. सबब, पट्टी असो वा प्लास्टर असो, बोटें निळीं किंवा थंड पडलीं, बधिर झालीं, अथवा तीं सरळ करतांना असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहूं नये. रात्र असली तरी रुग्णालयांत जावें.

आतां ज्या मुद्द्यासाठीं मीं हें भाषण योजिलें त्याकडे येतों. पन्नाशी उलटलेली एखादी बाई चालतां चालतां पडते, हात टेकते आणि मनगट मोडतें. सहा आठवड्यांनीं प्लास्टर निघतें. घरचे लोक 'थोडक्यांत निभावलें' म्हणतात आणि प्रकरण संपतें. वास्तविक तें तेथें संपावयाचें नसतें. उभ्या उंचीवरून पडून निरोगी हाड सहसा मोडत नाहीं. तें मोडलें याचा अर्थ आंतील हाड विरळ झालें असण्याचा संभव आहे. मनगट ही पहिली सूचना. पुष्कळदां पाठीच्या मणक्यांचें दबणें ही दुसरी असते. तिला आपण 'वयामुळें वांकली' म्हणून सोडून देतों. या सूचना वाचल्या नाहींत, तर तिसऱ्या खेपेस खुबा मोडण्याचा धोका असतो.

खुब्याची मोड ही साधी मोड नव्हे. उतारवयांत खुबा मोडलेल्यांपैकीं पांचांतील एक किंवा त्याहूनहि अधिक माणसें वर्षाच्या आंत दगावतात, असा निरनिराळ्या देशांतील अनुभव आहे. हाड मोडल्यानें मरण येतें असें नव्हे. अंथरुणावर पडून राहिल्यानें छातींत कफ सांठतो, पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. आजीबाई घसरून पडल्या, उठतां येत नाहीं, एक पाय आंखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळलें आहे, असें दिसलें तर खुबा मोडला असें समजावें. अशा वेळीं 'या वयांत शस्त्रक्रिया कशाला?' हा प्रश्न प्रेमापोटीं विचारला जातो. पण बहुतेक रोग्यांच्या बाबतींत शस्त्रक्रिया टाळण्यांतच अधिक धोका असतो. प्रकृति तशी असेल तर ती एक-दोन दिवसांत व्हावी आणि दुसऱ्या दिवसापासून रोग्याला आधार देऊन उभें करावें, हा आजचा शास्त्रीय दंडक आहे.

मनगटाची सूचना वेळींच वाचली तर करण्यासारखें पुष्कळ आहे. डेक्सा नांवाच्या सौम्य क्ष-किरण तपासणीनें हाडांची घनता मोजतां येते. झीज रोखणारीं आणि पुढील मोडीचा संभव कमी करणारीं औषधें उपलब्ध आहेत. तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावीं. संधिवातासाठीं अथवा दम्यासाठीं दीर्घकाळ स्टेरॉईडच्या गोळ्या घेणारांनीं वयाची वाट न पाहतां ही चौकशी करावी.

हाडांची निगा मात्र पन्नाशींत नव्हे, बाळपणींच सुरू व्हावयास हवी. प्रौढाला रोज सुमारें १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. एक पेला दुधांत त्यांतील सुमारें पावभाग मिळतो. १०० ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास असतें. शिवाय तीळ, दहीं, शेवग्याचा पाला आणि कांट्यांसकट खाल्ली जाणारी मांदेली हीं आपल्या स्वयंपाकघरांतलींच साधनें आहेत. नुसतें कॅल्शियम पुरत नाहीं. तंतूंसाठीं डाळी, दूध, अंडीं यांतील प्रथिनेंहि हवींत. खाल्लेलें कॅल्शियम अंगीं लागण्यास 'ड' जीवनसत्त्व लागतें आणि तें उन्हामुळें त्वचेंत तयार होतें. मुडदूस झालेलीं मुलें अतिनील प्रकाशानें बरीं होतात, हें कुर्ट हुल्डशिन्स्की यांनीं १९१९ मध्यें बर्लिन येथें दाखवून दिलें. आपल्या देशांत ऊन मुबलक आहे. तरी शहरांत या जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते, कारण आपण उन्हांत जातच नाहीं. खिडकीच्या कांचेंतून आलेलें ऊन या कामीं उपयोगाचें नाहीं आणि अगदीं कोंवळें ऊनहि फारसें उपयोगी पडत नाहीं. सूर्य वर आल्यावर हात व तोंड उघडें ठेवून थोडा वेळ, त्वचा न भाजेल इतपतच, उन्हांत फिरावें. उणीव निघाली तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें औषध घ्यावें.

तिसरी गोष्ट म्हणजे भार. मुलांना पळूं द्यावें, उड्या मारूं द्याव्या, विशेषत: मुलींना. मोठ्यांनीं भरभर चालावें, जिने चढावे, झेपेल तें वजन उचलावें. तंबाखू व मद्य यांनीं हाड झिजतें; धूम्रपानानें तर मोडलेलें हाडहि उशिरां जोडतें. शेवटीं घर पाहावें. वृद्धांच्या वाटेवरचें सरकणारें पायपुसणें काढावें, न्हाणीघरांत धरावयास दांडी बसवावी, रात्रीं जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवा ठेवावा आणि चष्म्याचा नंबर वेळच्या वेळीं तपासून घ्यावा. या कामांना खर्च थोडा लागतो, पण त्यांनीं एखादा खुबा वांचतो.

आपल्या घरीं कोणा वडीलधाऱ्या माणसाचें मनगट गेल्या कांहीं वर्षांत मोडलें असेल, तर तें जोडलें एवढ्यावर समाधान मानूं नका. तें मोडलें कां, हा प्रश्न याच आठवड्यांत डॉक्टरांना विचारा.