आकाशाआधी जमिनीचं उत्तर



एखाद्या देशात यादवी पेटते. सरकारच आपल्या माणसांवर विमानांतून बाँब टाकू लागतं. मग मागणी होते की त्या देशावर उड्डाणबंदी लादा, म्हणजे निदान आकाशातून येणारं मरण तरी थांबेल. दारफूरच्या वेळी ही मागणी झाली, सीरियाच्या वेळी झाली, आणि लिबियाच्या वेळी तर ती मान्यही झाली. ती करणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे. पण उड्डाणबंदीने युद्ध टळतं, ही समजूत खरी नाही. उड्डाणबंदी हे युद्धच असतं. आकाश बंद करणाऱ्याने जमिनीवर काय करणार हे आधी ठरवलं नाही, तर त्या युद्धाचा शेवट त्याच्या हातात राहत नाही.

लिबियाचंच उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०११ मध्ये बेंगाझी शहरात गडाफीच्या राजवटीविरुद्ध उठाव झाला. त्या वेळी लिबियात सुमारे १८ हजार भारतीय होते. विमानं आणि जहाजं पाठवून आपल्या सरकारने त्यांना सोडवायला सुरुवात केली. २६ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एकमताने शस्त्रबंदी घातली. भारतही त्या वर्षी परिषदेचा सदस्य होता आणि त्यानेही होकार दिला. तरीही गडाफीचं सैन्य किनाऱ्याच्या रस्त्याने पूर्वेकडे सरकत राहिलं. १२ मार्चला अरब लीगनेच उड्डाणबंदीची मागणी केली. १७ मार्चला गडाफीने बेंगाझीतल्या बंडखोरांना रेडिओवरून बजावलं की शस्त्रं खाली ठेवणार नाही त्याला दयामाया नाही. त्याच दिवशी ठराव क्रमांक १९७३ मंजूर झाला. बाजूने १० मतं, विरोधात एकही नाही. रशिया, चीन, जर्मनी, ब्राझील आणि भारत असे ५ देश तटस्थ राहिले.

त्या ठरावात उड्डाणबंदी होती, नागरिकांच्या संरक्षणासाठी आवश्यक ते सर्व उपाय करण्याची मुभा होती, आणि परकी फौजेने लिबियाचा ताबा घ्यायचा नाही अशी अटही होती.

अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी आधीच स्पष्ट केलं होतं की उड्डाणबंदीची सुरुवात लिबियावरच्या हल्ल्यानेच होईल. कारण आकाशात गस्त घालायची, तर खालून विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं आणि रडार आधी नष्ट करावी लागतात. झालंही तसंच. १९ मार्चला फ्रेंच विमानांचा पहिला घाव बेंगाझीजवळच्या लष्करी गाड्यांवर पडला. त्याच रात्री अमेरिका आणि ब्रिटनने शंभराहून अधिक टॉमाहॉक क्षेपणास्त्रं डागली. बेंगाझीवर चालून आलेलं सैन्य मागे हटलं, शहर वाचलं. हे श्रेय त्या हल्ल्याला दिलंच पाहिजे.

पण मोहीम तिथे थांबली नाही, तिची सूत्रं नाटोकडे गेली. एप्रिलमध्ये आफ्रिकी संघाचे नेते युद्धविरामाचा प्रस्ताव घेऊन त्रिपोलीला आणि बेंगाझीला गेले. गडाफीने तो तत्त्वतः स्वीकारला, बंडखोरांनी नाकारला. त्याच आठवड्यात अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सचे तेव्हाचे नेते ओबामा, कॅमेरॉन आणि सार्कोझी यांनी एकत्र लेख लिहून गडाफी सत्तेवरून गेलाच पाहिजे असं जाहीर केलं. नागरिकांच्या संरक्षणासाठी निघालेली विमानं आता यादवीतल्या एका बाजूची विमानं झाली. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने नाटोच्या ज्या हल्ल्यांची चौकशी केली, त्यांत ६० नागरिक ठार झाल्याचं आढळलं. २० ऑक्टोबरला सिर्त शहराजवळ गडाफीच्या ताफ्यावर हवाई हल्ला झाला आणि तो बंडखोरांच्या हाती सापडून मारला गेला. ३१ ऑक्टोबरला नाटोने मोहीम संपल्याचं जाहीर केलं.

जमिनीवर मात्र काहीच संपलं नव्हतं. गावोगावच्या सशस्त्र टोळ्या शस्त्रं खाली ठेवायला तयार नव्हत्या. गडाफीच्या कोठारांतली शस्त्रं वाळवंट ओलांडून गेली आणि २०१२ मध्ये माली देश पेटला. २०१४ मध्ये लिबियात पुन्हा यादवी झाली आणि देशात दोन सरकारं उभी राहिली. सप्टेंबर २०२३ च्या वादळात दर्ना शहरावरची दोन धरणं फुटली आणि हजारो माणसं वाहून गेली. वर्षानुवर्षं त्या धरणांची डागडुजी झालेली नव्हती. गडाफीनंतरच्या दिवसांचं नियोजन न करणं ही बहुधा आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक होती, असं खुद्द ओबामांनी २०१६ मध्ये मान्य केलं.

इराकचा अनुभवही हेच सांगतो. १९९१ पासून तिथे उत्तरेत कुर्दांसाठी आणि १९९२ पासून दक्षिणेत शियांसाठी उड्डाणबंदी होती. उत्तरेत अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सचं सैन्य सुरुवातीला जमिनीवर उतरलं, डोंगरात पळालेले कुर्द घरी परतले, त्यांची स्वतःची पेशमर्गा फौज होतीच, आणि पुढे त्यांचं प्रशासनही उभं राहिलं. दक्षिणेत तसं काहीच नव्हतं. इराकचा सत्ताधीश सद्दाम याची विमानं जमिनीवर होती, पण त्याच्या तोफा आणि त्याचं पायदळ मोकळं होतं. त्याने पाणी वळवून तिथला दलदलीचा विस्तीर्ण प्रदेश कोरडा पाडला आणि तिथल्या लोकांना देशोधडीला लावलं. आकाशातला नियम दोन्हीकडे सारखाच होता, फरक जमिनीवर होता.

बोस्नियात एप्रिल १९९३ पासून नाटोची विमानं उड्डाणबंदीसाठी गस्त घालत होती. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे पहिले सेनापती आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे सतीश नंबियार होते. मार्च १९९३ मध्ये त्यांनी ती जबाबदारी सोडली. त्या फौजेजवळ शांतता राखण्यापुरती हलकी शस्त्रं होती, युद्ध लढण्याची नव्हती. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा या सुरक्षित घोषित केलेल्या गावात आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. वर उड्डाणबंदी असताना खाली बंदुकांनी ही कत्तल झाली.

तुम्ही म्हणाल, इतका विचार करत बसलो तर तोवर माणसं मरतील. खरं आहे. १९९४ मध्ये रवांडात साधारण शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. तिथे मारेकऱ्यांच्या हातात कोयते आणि बंदुका होत्या. गरज जमिनीवरच्या सैनिकांची होती, आणि नेमकी तेव्हाच सुरक्षा परिषदेने आपली फौज कमी केली. म्हणून काहीच करू नका, असं मी म्हणणार नाही. काय करणार आहात ते पुरतं सांगा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्याकडे १९७१ चा अनुभव आहे. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले. डिसेंबरमध्ये युद्ध पेटलं. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ देशांनी युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं, विरोधात आपल्यासह जेमतेम ११ देश उभे राहिले, तरी आपण थांबलो नाही. त्यात आपलं राष्ट्रहितही होतं, हे लपवण्याचं कारण नाही. पण बांगलादेशच्या लोकांनी १९७० च्या निवडणुकीत कौल दिलेला होता, त्यांचं सरकार एप्रिलपासून काम करत होतं, मुक्तिवाहिनी लढत होती. जमीन कोणाच्या हाती द्यायची ते आधीच ठरलेलं होतं. म्हणून १६ डिसेंबरला युद्ध संपलं आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य परतलं.

हा अनुभव असलेल्या देशाने २०११ मध्ये योग्य शंका मांडल्या. ठरावाची अंमलबजावणी कोण करणार आणि कशी, हे स्पष्ट नाही, असं भारताच्या प्रतिनिधीने परिषदेत सांगितलं. पण शंका मांडून तटस्थ राहिल्याने ठरावातला एक शब्दही बदलला नाही. मुदत किती, उद्दिष्ट कोणतं आणि ते कुठे संपतं, हिशेब कोणाला द्यायचा, या अटी ठरावातच घालायला लावणं हे आपलं काम होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलने असाच प्रस्ताव मांडला की संरक्षणाच्या नावाने बळ वापरणाऱ्यांनी वापराच्या काळातही जाब द्यावा. पण तोवर उशीर झाला होता. ऑक्टोबरमध्येच रशिया आणि चीनने सीरियाविषयीच्या ठरावावर नकाराधिकार वापरला आणि रशियाने लिबियाचं उदाहरण पुढे केलं. लिबियात मर्यादा ओलांडली गेली, तिची किंमत सीरियातल्या माणसांनीही मोजली.

श्रोतेहो, अशी मागणी पुन्हा होईल, आणि भारत पुन्हा सुरक्षा परिषदेत बसलेला असेल. तेव्हा आपल्या सरकारला आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. माणसं आकाशातून मारली जात आहेत की जमिनीवरून? मोहीम कुठे थांबवायची हे ठरलं आहे का? आणि विमानं परतल्यावर तिथे कारभार कोण करणार? या तिन्हींची उत्तरं असतील तर भारताने होकार द्यावा आणि आपल्या वाट्याची जबाबदारीही उचलावी. नसतील तर ठामपणे नकार द्यावा. नुसतं तटस्थ राहणं हे या प्रश्नांचं उत्तर नाही.