खेळ आपला, चित्रेही आपलीच
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या ह्या संमेलनात दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, ह्याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. ज्याचे आयुष्य खडू-फळ्यात गेले अशा माझ्यासारख्या जुन्या मॅट्रिक शिक्षकाने संगणकावरील खेळांविषयी बोलावे, ह्याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्याच घरांतील काही मुले-मुली नोकरी सांभाळून, क्वचित ती सोडूनही, एकट्याने असे खेळ रचू पाहत आहेत. आणि त्यांतील पुष्कळांचे पाऊल एकाच ठिकाणी अडते. खेळाचे नियम सुचतात, संगणकाची भाषा येते. पण चित्रे कोठून आणावी? चित्रकारास द्यावयास पैसा नाही, आणि वडिलांपाशी मागावयास धीर होत नाही.

माझे म्हणणे इतकेच की, चित्रे आपली आपणच काढावी. मात्र आपल्या हातास झेपेल अशी मर्यादा आधी आखून घ्यावी.

ह्याचा पाठ घ्यावयास दूर जावयास नको. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. तिच्यात १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येक गटात बारा पाने. ही १२० चित्रे निरनिराळी काढावयाची असती, तर चिताऱ्याचा हात थकून गेला असता. परंतु दर गटात राजा आणि प्रधान अशी दोनच पाने मूर्तिचित्रांची. उरलेल्या दहांवर त्या अवताराची खूण, म्हणजे मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, परशुरामाचा परशू, एकापासून दहापर्यंत मोजून मांडलेली. वीस मूर्ती आणि दहा खुणा, एवढ्या सामग्रीवर सारा खेळ उभा राहिला आणि देखणाही झाला.

परदेशातील आजचे काही स्वतंत्र रचनाकार ह्याच वाटेने गेले आहेत. लुकास पोप ह्यांनी २०१८ साली 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा खेळ प्रसिद्ध केला. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका निर्मनुष्य परतलेल्या जहाजाचे गूढ त्यात उकलावयाचे असते. सारे दृश्य एक गडद आणि एक उजळ, अशा दोनच छटांत रंगविले आहे. अमेरिकेतील एरिक बॅरोन ह्या तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने राबून शेतीवरचा 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ २०१६ च्या फेब्रुवारीत पुरा केला. चित्रे, संगीत, लेखन सर्व त्याचेच. त्यातील जमिनीचा एकेक तुकडा १६ बाय १६ बिंदूंच्या चौकटीत काढलेला आहे, आणि माणसांचे चेहरे त्याने पुनःपुन्हा नव्याने काढले. त्या काळात तो सायंकाळी एका नाट्यगृहात प्रेक्षकांस जागा दाखविण्याचे काम करी, आणि घरखर्चाचा भार त्याच्या सहचारिणीने उचलला. २०२४ च्या अखेरीस त्या खेळाच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. अर्थात असे यश अत्यंत विरळ, हे येथेच सांगून ठेवतो.

आता व्यवहाराची गोष्ट. एक पात्र चार दिशांस चालवावयाचे आणि दर दिशेस चार पावले दाखवावयाची, तर १६ चित्रे लागतात. उजवीकडचे चित्र उलटवून डावीकडे वापरले, तर १२ पुरतात. दहा पात्रांची झाली १२०! मागाहून डोक्याचा आकार बदलावासा वाटला, तर १२० चित्रे पुन्हा काढावी लागतील. म्हणून आरंभी साध्या चौकोनांची पात्रे घालून खेळ खेळून पाहावा. तो मनास रुचला, मगच चित्रास हात घालावा. प्रथम आठ-दहा रंग निवडावे आणि त्यांबाहेर जाऊ नये. उजेड कोणत्या बाजूने येतो हे ठरवावे व सर्व चित्रांत तीच बाजू ठेवावी. आकृती काळ्या शाईने भरून पाहावी. तरीही ती ओळखू आली, तर चित्र साधले म्हणावे. पेन्सिल, चौकटींची वही आणि 'क्रिटा'सारखी विनामूल्य साधने ह्या कामास पुरतात.

हल्ली यंत्राकडून क्षणात चित्रे करवून घेता येतात. 'स्टीम' ह्या विक्रीपेठेने २०२४ च्या जानेवारीत असा नियम केला की, खेळात अशी चित्रे असल्यास ते रचनाकाराने कळवावे. तो नियम पाळून कोणी ती वापरील, तर त्यास मी दोष देणार नाही. परंतु आपल्या हाताने शंभर चित्रे काढणाऱ्यास जी दृष्टी लाभते, ती त्या मार्गाने लाभत नाही. आणि पुढच्या खेळास भांडवल म्हणून तीच उपयोगी पडते.

तरुणांनो, एक छोटा खेळ चित्रांसह पुरा होऊन लोकांहाती जाईपर्यंत नोकरी सोडू नका. आणि वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीवर दृष्टी ठेवू नका. वडीलधाऱ्यांनो, मुलगी वा मुलगा रात्री चौकटी रंगवीत बसला, तर 'हा पोरखेळ कधी संपणार?' असे विचारण्याऐवजी 'ह्या महिन्यात काय पुरे झाले, दाखव पाहू,' असे विचारा. त्या प्रश्नात धाकही आहे आणि मायाही. ज्या घरात हा प्रश्न विचारला जाईल, तेथील मूल यशस्वी होवो वा न होवो, आपल्या कामाबद्दल घरच्यांपासून लपवाछपवी करणार नाही.