प्रसूतीची पूर्वतयारी : साऱ्या घराचे कर्तव्य



श्वेतांबर परंपरेत पर्युषण पर्वात कल्पसूत्राचे वाचन होते. त्रिशला मातेच्या चौदा स्वप्नांचा प्रसंग त्या वेळी मोठ्या उत्साहाने साजरा केला जातो. दिगंबर परंपरेत ही स्वप्ने सोळा मानली आहेत. कल्पसूत्रात या स्वप्नांनंतर येणारा आणखी एक प्रसंग तितकाच चिंतनीय आहे. आपल्या हालचालीने मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून भगवान महावीर गर्भात निश्चल झाले. गर्भ हलेनासा होताच त्रिशला माता व्याकूळ झाली. गर्भाचे काही अनिष्ट तर झाले नाही ना, या शंकेने तिला शोक आवरेना. सिद्धार्थ राजाच्या प्रासादातील वाद्ये थांबली, नाटके थांबली. मातेची व्यथा जाणून गर्भाने किंचित हालचाल केली, तेव्हा कुठे त्या घरात आनंद परतला.

या कथेचा मुख्य आशय मातृभक्तीचा आहे, हे खरेच. पण गृहस्थाने तिच्यातून आणखी एक बोध घ्यावा. गर्भाची हालचाल थांबल्याचे सर्वांत आधी मातेने ओळखले, आणि तिची चिंता साऱ्या घराची चिंता झाली. तिची शंका कोणी हसण्यावारी नेली नाही. प्रसूतीच्या पूर्वतयारीचे सार याच एका गोष्टीत आहे.

गर्भवतीला बाळाची हालचाल साधारणतः पाचव्या महिन्यात जाणवू लागते. सातव्या महिन्यापर्यंत त्या हालचालीला स्वतःची एक लय येते आणि ती लय फक्त आईलाच ठाऊक असते. ही हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जाऊन तपासणी करून घ्यावी. ‘दिवस भरत आले की बाळ कमी हलते’ हा समज चुकीचा आहे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, रक्तस्राव किंवा झटके यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. सुनेने संकोचाने सांगू नये आणि सासूने ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणावे, यात अमूल्य तास निघून जातात.

दुसरा विषय माहेरचा. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत मायेची आहे. तिला सुरक्षिततेची जोड हवी. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी जाते आणि तपासण्यांचे कागद मात्र सासरच्या कपाटात राहतात, असे घडू नये. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर, सोनोग्राफी यांच्या नोंदी तिच्यासोबतच असाव्यात. माहेरच्या रुग्णालयात वेळीच नाव नोंदवून तेथील डॉक्टरांना तिला दाखवावे. रात्री डॉक्टर असतात का, शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय आहे का, बालरोगतज्ज्ञ येतात का, हे आधीच विचारून घ्यावे. मुलगा की मुलगी, हे मात्र कोणी विचारू नये. कायद्याने तो गुन्हा आहेच. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या घरात तर तो प्रश्न मनातही येऊ नये.

तिसरा विषय आहार व तप यांचा. शाकाहारात लोह मिळते, परंतु ते शरीरात सहज शोषले जात नाही. बाजरी, डाळी, तीळ, खजूर यांच्या जोडीला लिंबू असावे. जेवणाबरोबर चहा नसावा. चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक आम्लाची गोळी रोज एक, किमान १८० दिवस घ्यावी. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत न घेता वेगळ्या वेळी घ्यावी. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी स्त्रियांत वारंवार आढळते, म्हणून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सोळा कारण भावनांमध्ये तप हे शक्तीनुसार करावे, असेच सांगितले आहे. गर्भवतीची शक्ती दोन जीवांत वाटली गेलेली असते. तिने अठ्ठाईचा आग्रह धरू नये आणि इतरांनीही तिला आडून सुचवू नये. चौविहाराऐवजी तिविहार केल्यास रात्री उकळलेले पाणी घेता येते. स्वाध्याय, सामायिक, नवकार जप ही आराधना तिला सदैव खुली आहे.

प्रत्यक्ष प्रसूतीची तारीख हा केवळ अंदाज असतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून ती काढतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतर केव्हाही कळा सुरू होऊ शकतात. तोपर्यंत पिशवी भरलेली असावी : कागदपत्रे, सैल सुती कपडे, बाळासाठी धुतलेली मऊ दुपटी. जन्माआधी नवे कपडे घेऊ नयेत असे मानणाऱ्या घरांतही जुनी धुतलेली दुपटी ठेवण्यास कोणाची हरकत नसते. वाहन कोणाचे, रात्री चालवणार कोण, रक्त देणारे दोघे कोण, मोठ्या मुलाला सांभाळणार कोण, ही नावे लिहून ठेवावीत. पाणी गेले, तर कळा नसल्या तरी लगेच निघावे.

पहिल्या खेपेला कळा बारा तास, क्वचित त्याहून अधिकही चालतात. अशा वेळी विश्वासाचे एक माणूस जवळ असणे हा मोठा आधार असतो. केंद्र शासनाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी सोबतीला स्त्री ठेवण्यास मान्यता दिली. सोबतिणीने पाठ चोळावी, घोटभर पाणी द्यावे, धीर द्यावा. ओरडल्याबद्दल रागावू नये. शस्त्रक्रिया करावी लागली तर तो स्त्रीचा दोष नव्हे. मात्र मुहूर्तासाठी ३९ आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया मागणे बाळाच्या श्वासाशी खेळणे होय. आईला व बाळाला गरज असेल ती वेळ हाच शुभमुहूर्त.

जन्मानंतर तासाभरात बाळाला आईचा चीक मिळावा. मध जैन आचारात वर्ज्यच आहे. वैद्यकशास्त्रही वर्षाच्या आतील बाळाला तो देऊ नये असे सांगते. गूळपाणी व गुटीही नको.

आर्थिक ओढ असलेल्या कुटुंबांनी संकोच बाळगू नये. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त व वाहन यांचा खर्च मातेवर पडत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची विशेष तपासणीही होते.

पन्नास वर्षे सेवा करणाऱ्या संस्थेने सुवर्ण महोत्सवात एक लहान संकल्प करावा. रक्तदात्यांची, रात्री वाहन देणाऱ्या घरांची आणि प्रसूतीत सोबत करू शकणाऱ्या अनुभवी भगिनींची एक यादी मंदिराच्या फलकावर लावावी. चालताना-बोलताना यतना पाळणाऱ्या समाजाने जन्माच्या वेळीही तीच यतना पाळावी. एखाद्या रात्री एखादी सून घाबरून म्हणेल, ‘बाळ हलत नाही.’ त्या क्षणी घरातला टीव्ही थांबावा, दिवा लागावा आणि गाडी निघावी. सिद्धार्थाच्या प्रासादाने दिलेला धडा तेव्हाच आचरणात आला, असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र!